तीन एक्स-रे आणि कॅप्टनचे नाव

मी, उर्मिला मोरेश्वर खानझोडे, वय ६९, निवृत्त एक्स-रे टेक्निशियन, मूळ नागपूरची, सध्या कासलबार, आयर्लंड, लिहून देते की माझे डोके ठिकाणावर आहे. हे मी कुणाच्या सांगण्यावरून लिहीत नाही; उलट लिहू नकोस असेच सगळे सांगतात. आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

१. घर आणि बँकेतली शिल्लक मुलगा अद्वय याला. तो सिटीवेस्टला राहतो. मृत्युपत्राची अंमलबजावणीही त्यानेच करावी. खालचा विषय काढला की तो म्हणतो, "मॅम, लीव्ह इट, इट्स ग्रँड." इथे आईला मॅम म्हणतात आणि 'ठीक आहे'ला ग्रँड. काहीही ग्रँड नाही, अद्वय.

२. दीर गिरीशभावजी यांना माझ्या यजमानांचा लोकरी मफलर. "परक्या देशात नसत्या भानगडी कशाला, वहिनी?" असे ते मला कायम सांगत आले. तोंड झाकायला उपयोगी पडेल.

३. कपाटातल्या तीन एक्स-रे फिल्म. १९८७ साली मी एका देशात लष्करी इस्पितळात नोकरीला होते. देशाचे नाव फिल्मच्या पाकिटावर आहे. तिथे एका जनरलची हुकूमशाही होती. कैदी बायका आल्या की बाई म्हणून मला बोलावत. नाव लिहायला बंदी, फक्त नंबर. त्यातल्या तिघींची मी एकेक फिल्म जास्तीची काढली, हळूच नाव विचारले आणि कोपऱ्यात मराठीत लिहिले. पहाऱ्यावरच्यांना ते वाचता येत नव्हते.

मरियम, उजव्या हाताची तीन बोटे. सारा, दोन्ही टाचा. लैला, जबडा, वय एकोणीस.

तिघींना आणणारा माणूस एकच, कॅप्टन हारिस. "जिन्यावरून पडली" असे तो फॉर्मवर लिहायला लावायचा. मी तिन्ही वेळा लिहिले. त्याची मला आजही लाज वाटते.

४. २०१९ मध्ये तो मला ब्लँचर्डस्टाउनच्या शॉपिंग सेंटरमध्ये दिसला. लिफ्टपाशी "आफ्टर यू" म्हणून त्याने मला वाट दिली. मला ओळखले नाही. छळ जगात कुठेही झालेला असो, खटला इथे चालू शकतो, असा कायदा या देशात २००० सालापासून आहे. तरी माझी तक्रार पोलिसांकडून तीनदा परत आली. एकदा मराठीचा भाषांतरकार नाही म्हणून. एकदा त्या देशाचे कागद जोडले नाहीत म्हणून. जणू जनरलसाहेब शिक्का मारून पाठवणार होते. तिसऱ्यांदा कोविड म्हणून. जर्मनीत सध्या असाच एक खटला चालू आहे, तेव्हा हे होतच नाही असे मला कुणी सांगू नये.

५. म्हणून हे मृत्युपत्र मी मुद्दाम मराठीत केले आहे. प्रोबेटसाठी, म्हणजे कोर्टाने मृत्युपत्र मान्य करावे म्हणून, याचे प्रमाणित भाषांतर करावेच लागेल. खर्च माझ्या मालमत्तेतून करावा. प्रोबेट झाले की हा कागद कुणालाही मागून वाचता येतो. फिल्म ज्या देशाचे न्यायालय मागेल त्याला अद्वयने स्वतः नेऊन द्याव्यात.

६. वकिलांनी बजावले आहे की मेलेल्या साक्षीदाराची उलटतपासणी होत नाही, त्यामुळे या कागदाला कोर्टात फारशी किंमत नसेल. ते मला कळते. माझे म्हणणे वाचले जावे म्हणून मला आधी मरावे लागणार, याचा मला भयंकर संताप येतो. त्याआधी कुणाला माझा जबाब घ्यायचा असेल, तर मी घरीच आहे.

सही: उर्मिला मो. खानझोडे

आम्ही दोघे शेजारी खिडकीबाहेर अंतर राखून उभे होतो. बाईंनी आमच्यादेखत सही केली, मग आम्ही त्यांच्यादेखत केली.
१. पद्मजा रविंद्र सोमलवार
२. डर्मट गॅलाहर

कासलबार, ९ फेब्रुवारी २०२१