स्वयंपाकघरातली खाट

३ नोव्हेंबर १९८०

ती. फाइनाताईस सा. न. वि. वि.
जाम पोचला. निम्मा तिखोनने फस्त केला असता, पण तो कोठडीत आहे. कोंबडी कापताना घेरी येणारा आपला भाऊ! स्टेशनमागच्या झाडीत तीन मुली मारल्या गेल्या. पेपरात एक ओळ नाही; आपल्या समाजवादी देशात असलं घडतच नाही ना. लाकूडचोरीत एकदा आत गेलेला म्हणून तिखोनला उचललं. चौथ्या दिवशी मारून मारून कबुली घेतली.

तिसरी मुलगी गेली १४ ऑगस्टला. तेव्हा तो तुझ्या स्वयंपाकघरात खाटेवर झोपत होता. निरीक्षक म्हणतो, ज्यांच्याकडे होता त्यांनी लिहून द्यावं. तेवढं लिही.

आमच्या कारखान्याच्या स्वयंसेवक गस्तीचे प्रमुख सव्वेली ग्लेबोविच धीर देऊन गेले. दंडाला लाल पट्टी बांधून मुलींना घरी पोचवतात बिचारे.
तुझ्या मायेवर भरवसा ठेवून,
दुस्या

२२ नोव्हेंबर

चि. दुस्यास अ. आ.
अगं, जरा दमानं घे. तिखोन अकरा दिवस राहिला, पण पाहुण्याची पोलिसांत नोंद करावी लागते, ती आम्ही केली नव्हती. नऊ वर्षं एका खोलीत काढली, सामाईक स्वयंपाकघरात शेजारीण काड्यापेटीतल्या काड्या मोजते, आणि आता कुठे सरकारी घरांच्या यादीत आमचा चौथा नंबर लागलाय. हे उघड झालं तर नाव कटेल. निर्दोष माणूस सुटतोच. थोडं थांब.
रागावलीस तरी माझीच राहा,
फाइना

११ मे १९८१

चि. दुस्यास अ. आ.
फेब्रुवारीत मृत्युदंडाची शिक्षा कळल्यापासून डोळ्याला डोळा लागला नाही. सोबत जबानी, सही-शिक्क्यासह. सुटला की त्याला इकडेच पाठव.
तुझीच,
फाइना

२४ मे

फाइनाताईस,
सव्वेली ग्लेबोविच पकडला गेला. आमच्या कारखान्याची गस्त मंगळवार-शुक्रवार, बुधवार बूट-कारखान्याचा. बुधवारी तो पट्टी बांधून एका मुलीला झाडीकडे नेत होता. बूट-कारखान्याच्या गस्तीतल्या बाईने पट्टीवरचा आमच्या कारखान्याचा शिक्का पाहिला आणि म्हणाली, "आज तुमची पाळी नाही." तो गडबडला, तिने शिट्टी फुंकली. पिशवीत दोर आणि सुरा निघाला. मुलगी वाचली. चारही खून कबूल केलेत त्याने. चौथा झाला तेव्हा तिखोन आतच होता, तरी पोलीस म्हणाले, तो कुणी दुसराच! कारखान्यातल्या मुलींना मीच बजावायचे, लाल पट्टीवाल्याबरोबरच या. ते कुणाला सांगू?

पेपरात अजून ओळ नाही.

तिखोनला २९ एप्रिलला गोळी घातली. तसं कळवणारा कागद आणि तुझी जबानी एकाच दिवशी आली. पाकिटामागे तुझा नवा पत्ता होता. किल्ल्या हातात पडेपर्यंत थांबलीस, ताई.

त्याची खाट नव्या घरात नेली असशील, तर मालगाडीने इकडे पाठव. लोभाचं काही लिहवत नाही.
दुस्या