हिरव्या पक्षाची माणसं घरी आली

प्रिय भिंगरी,

सगळ्यांत आधी आला तो दातांचा डॉक्टर, तुझ्या हिरव्या पक्षाचा अध्यक्ष. सायकलवरून आला, आणि ती खाली लावायची सोडून तीन जिने चढवून थेट माझ्या खोलीत घेऊन आला. खाली चोरीला जाईल म्हणे. गरिबांसाठी लढणार, पण गरिबांच्या जिन्यात सायकल ठेवणार नाही! त्याच्या मागून ती प्राध्यापकबाई धापा टाकत आली, आणि शेवटी गळ्यात कॅमेरा अडकवलेला एक ढेरपोट्या. खुर्च्या माझ्याकडे दोनच. ढेरपोट्या पलंगावर टेकला तसा पलंग असा कुरकुरला, की मला हसू आवरेना. चार वर्षांत या खोलीत एवढी माणसं आली नव्हती गं. तुलाही मोजून सांगते.

मला वाटलं, तुझ्या तिकिटाचंच काहीतरी असणार. सहा वर्षं त्या पक्षासाठी चपला झिजवल्यास, आता कुठे नगरपालिकेला उभी राहणार, हे फोनवर इतक्या वेळा ऐकलंय की मला पाठ झालंय. आणि मागे तू विचारलं होतंस ना, आजोबा असते तर आमचा पक्ष खरा डावा आहे असं म्हणाले असते का? म्हटलं, घरबसल्या माणसं आलीच आहेत तर विचारून घेऊ.

विचारलं. डॉक्टर म्हणाला, आजी, डावं-उजवं जुनं झालं, आम्ही पृथ्वीच्या बाजूचे. मी म्हटलं, तिचं नाव मतदार यादीत आहे का? प्राध्यापकबाई घाईघाईने म्हणाली, नाही हो, आम्ही मुळात डावेच, फक्त बंगल्यांच्या गल्लीत तो शब्द काढत नाही, लोक बिचकतात. डॉक्टर म्हणाला, तुम्ही डाव्या असाल, मी नाही. झालं! माझ्यासमोरच दोघांची जुंपली. मी मजेत चहा ढवळत बसले. मग विचारलं, नदी घाण होते म्हणून तुम्ही कापड रंगवायचा कारखाना बंद करणार, बरं. दुसऱ्या दिवशी आमच्या खालच्या मजल्यावरची जाडी खाणार काय? तीस वर्षं तिथल्या फोल्डिंग खात्यात कापडाच्या घड्या घालते ती. तर डॉक्टर म्हणतो, तिला मधमाश्या पाळायला शिकवू. अगं, ती झुरळ दिसलं तरी टेबलावर चढते!

त्यावरून तुझी अट निघाली. कारखाना बंद झाला तर कामगारांना दोन वर्षं पूर्ण पगार, तोही मालकाच्या नफ्यातून, आणि हे जाहीरनाम्यात नसेल तर मी उभी राहणार नाही, असं तू भर बैठकीत म्हणालीस म्हणे. हे सांगताना डॉक्टरचं तोंड असं झालं, जणू त्याचीच दाढ किडलीय. पोरगी फार लाल आहे, म्हणाला.

लाल! आता तुझ्या लाडक्या आजोबांचंही ऐकून घे, नाहीतरी तुला दुसरं कोण सांगणार. रंगखात्यातल्या वाफेने त्यांची छाती गेली, ते तुला माहीत आहे. ती वाफ विषारी आहे असा तपासणीचा कागद युनियनच्या कपाटात नऊ वर्षं पडून होता, हे माहीत नाही. बाहेर काढला तर कारखान्याला टाळं लागेल, म्हणून सगळ्यांनी हात वर करून तो दाबला. त्यात तुझ्या आजोबांचाही हात होता. त्या युनियनचे झेंडे एकवीस वर्षं मी शिवले. सभेला गेलं की मात्र बायकांनी भिंतीला टेकून उभं राहायचं. मला कधी कोणी बस म्हटलं नाही. तुझ्या आजोबांनीसुद्धा नाही. तेव्हा ते असते तर काय म्हणाले असते, याचा घोर तू लावून घेऊ नकोस.

आणि तू तरी काय केलंस? सभेत माझी गोष्ट सांगितलीस. माझी आजी, कोपरापर्यंत निळे हात, त्याच हातांनी मला भरवायची. लोक रडले म्हणे. मला एका शब्दाने विचारलं होतंस? अगं, मी रंगखात्यात पाऊल ठेवलं नाही कधी, मी कापडाच्या घड्या घालायचे. निळे हात आजोबांचे, आणि ते तुला कधी भरवायचे नाहीत. तुला ते ठाऊक होतं. पण निळ्या हातांची म्हातारी बोलायला बरी वाटते, नाही का?

तर ती म्हातारी बघायला ही मंडळी आली होती. ढेरपोट्या म्हणाला, आजी, हात पुढे करा. केले. बघतो तर साधे, सुरकुतलेले. तिघं एकमेकांची तोंडं बघायला लागली. मी मनात म्हटलं, आता सांगून टाकावं, नात थापाडी आहे म्हणून. पण ढेरपोट्याच म्हणाला, काही हरकत नाही, निळा रंग आपण फोटोत नंतर भरू. मग मी कशाला बोलू?

आता कशासाठी लिहायला बसले ते सांगते. लोकांना भाषण करणारी नात नको, गोष्टीतली आजी हवी, असं त्यांच्या कमिटीत ठरलंय. तुझं तिकीट त्यांनी मला दिलं. मी हो म्हटलं. जरासुद्धा वेळ घेतला नाही. जाहीरनाम्याच्या कच्च्या कागदावरच्या तुझ्या अटीवर प्राध्यापकबाईने माझ्यासमोर रेघ मारली, खाली मी सही केली. जाडीचं काय होईल? होईल ते होईल, माझ्यासाठी कोण थांबलं होतं? निवडून आले तर सभागृहात गादीची खुर्ची आहे म्हणे, पाठीला टेकायला उंच. तू अर्ज भरायला जाऊ नकोस, चारचौघांत शोभा होईल. आणि ती निळ्या हातांची गोष्ट खोटी होती असंही आता कुणाला सांगू नकोस, तुझंच तोंड काळं होईल. अर्ज भरायच्या दिवसासाठी तू घेतलेला तो हिरवा कोट मात्र आईबरोबर बुधवारपर्यंत पाठव. बाह्या थोड्या आत घेतल्या की मला होईल. गुरुवारी सकाळी नऊला ते मला न्यायला येणार आहेत.

तुझीच,
आजी