पान तीन वाचणाऱ्याच्या साक्षीने

मी, खाली सही करणारी, वय एकसष्ट, धंदा चष्मे बनवणे, राहणार स्वतःच्या दुकानावरच्या खोलीत, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाखाली न येता लिहीत आहे. दबाव पुष्कळांनी आणला, पण तो मृत्युपत्रासाठी नव्हे, शस्त्रक्रियेसाठी. येत्या गुरुवारी माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. हे पहिलेच, आणि डॉक्टरांना जमले तर बरीच वर्षे कपाटात धूळ खाणारे.

१. दुकान, वरची खोली आणि बँकेत असेल ते सगळे माझ्या भाचीला. माझी बहीण गेल्यावर मीच तिला वाढवले. ती शाळेत शिकवते, दुकान चालवणार नाही, हे मला ठाऊक आहे. तिने ते खुशाल भाड्याने द्यावे. पाटीला निळा रंग मात्र देऊ नये, त्यावर धूळ फार दिसते.

२. भिंगे घासायचे यंत्र आणि बारीक हत्यारे समोरच्या चष्मेवाल्याला. माझ्या चष्म्याने डोके दुखते, असे तो वीस वर्षे गिऱ्हाइकांना सांगत आला. माझ्या यंत्रावर घासले, तर त्याच्या गिऱ्हाइकांना निदान नीट दिसेल.

३. थोरल्या भावाला, ड्रॉवरमधले त्याच्या नंबरचे दोन तयार चष्मे. मी हे काम शिकायला लागले तेव्हा तो म्हणाला होता, "बाईच्या हातचा चष्मा कोण घालणार?" गेली तीस वर्षे तोच घालतो आहे.

४. आता ज्यांना द्यायला माझ्याकडे काही नाही, त्यांच्याविषयी. एका वर्तमानपत्राने आपल्या वेबसाइटवर वाचकांची मते घेणे बंद केले, तेव्हा तिथे एकमेकांवर तुटून पडणारे आम्ही सहा जण फोनवरच्या एका गटात जमलो. गटाचे नाव 'बातमी आणि बाचाबाची'. नियम एकच: ज्याची पाळी असेल त्याने सकाळी एक बातमी टाकायची, आणि ती शेवटपर्यंत वाचल्याशिवाय कोणी तोंड उघडायचे नाही. निवडणुका, धरणे, परदेशातली युद्धे, आम्ही कशालाच सोडले नाही. पाच वर्षांत कोणी कोणाचे तोंड पाहिले नव्हते. भाची विचारायची, "मावशी, ही माणसं खरी तरी आहेत का गं?"

मला धाप लागायला लागली. तपासण्या झाल्या. मी गटाला कळवले की इलाज नाही, औषधांवर निघतील तेवढे दिवस काढायचे. झाले, सगळे एकदम गोड झाले. मी मुद्दाम लिहून पाहिले की फुटपाथ उखडून रस्ते रुंद करावेत. गटातल्या नर्सताईने या फुटपाथांसाठी माझ्याशी वर्षभर भांडण केले होते. तिने मला फूल पाठवले! यांनी मला जिवंतपणीच पोहोचवले, असे वाटून मी हादरले.

रागाच्या भरात मी माझ्या पाळीच्या शुक्रवारी, बातमी म्हणून, माझाच चार पानी वैद्यकीय अहवाल टाकला. एका मिनिटात चौघांचे 'धीर धरा' येऊन पडले. चार पाने एका मिनिटात कोण वाचते? पाचवा गप्प होता. हा निवृत्त बसचालक, गटातले नाव 'उलटतपासणी'. चार तासांनी त्याने लिहिले, "बाई, पान तीन, खालून दुसरा परिच्छेद. शस्त्रक्रिया करता येईल, पण रुग्णाने नकार दिला, असं लिहिलंय. तुम्ही तर म्हणालात, इलाज नाही. खरं काय?"

मी लिहिले, "आजारी माणसाशी असं बोलतात का?"

"आजारी माणूस खोटं बोलला तर असंच बोलतात. सरकारला सोडत नाही, तुम्हाला कशाला सोडू?"

फोन बंद करून मी खूप रडले. मला भीती वाटत होती. माझी बहीण शस्त्रक्रियेला आत गेली ती परत आलीच नाही, आणि बाहेर बाकावर मी बसले होते. ही भीती मी भाचीजवळही कधी बोलले नव्हते. दुसऱ्या दिवशी गटाला लिहिले. मग अकरा दिवस खरी बाचाबाची झाली. गटाने मिळून एकोणीस प्रश्न काढले. नर्सताई रजा टाकून, गाडीत चार तास बसून आली आणि माझ्याबरोबर डॉक्टरांकडे गेली. बाकीचे फोनवर ऐकत होते. डॉक्टरांनी सतरा प्रश्नांची उत्तरे दिली आणि दोन प्रश्नांना म्हणाले, "माहीत नाही." त्या दोन उत्तरांमुळे माझा त्यांच्यावर विश्वास बसला. मला अजून जगायचे आहे, हे मी इथे स्वच्छ लिहून ठेवते.

५. मी शुद्धीवर येईपर्यंत भाचीने गटाला रोज खबर द्यावी. खरी द्यावी. 'सगळं ठीक' एवढ्यावर ती माणसे गप्प बसणार नाहीत.

६. उलटतपासणीला काही नाही. साक्षीदाराला काही घेता येत नाही, असे हे मृत्युपत्र तपासणाऱ्या वकीलबाई म्हणाल्या, तर तो म्हणाला, "मग मला साक्षीदारच करा." गटातल्या आमच्या पहिल्याच, पुलाच्या वादात त्याचे बरोबर होते, एवढे मी माझ्या पश्चात कबूल करते. साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नसते, पण हा वाचल्याशिवाय राहायचा नाही.

७. माझ्या पश्चात गटातली शुक्रवारची पाळी भाचीला द्यावी.

सही: (केली आहे)
ठिकाण: माझ्या दुकानाचा काउंटर
दिवस: मंगळवार, महिन्याची नऊ तारीख, सकाळी अकरा

साक्षीदार पहिली, नर्स: बाईंनी माझ्यासमोर सही केली. फुटपाथ राहिलेच पाहिजेत.

साक्षीदार दुसरा, निवृत्त बसचालक: सही माझ्यासमोर झाली. मजकूर दोनदा वाचला. कलम सहा मान्य, पाच वर्षे उशिरा. कलम सातला हरकत आहे. आम्ही सहा जण, त्यामुळे रविवार रिकामाच असतो. भाचीने आजपासून तो घ्यावा. शुक्रवार बाईंचा आहे. या शुक्रवारी सूट देतो. पुढच्या शुक्रवारी बातमी टाका, मी भांडायला बसलो आहे.