वाढत्या मापाचे बूट

जुळे सोलापूर
शनिवार, दुपार

प्रिय अर्शी,

गेल्या रविवारी तुझा फोन आला तेव्हा मी गॅसपाशी होते. तव्यावर भाकरी, हात पिठाचे. फोन अब्बांच्या कानाला, आणि तू रडतेयस हे मला इथवर ऐकू येत होतं. सकाळी पहिलं पाऊल टेकवलं की तळव्यातून कळ जाते, परेडला पाय ओढत उभी राहतेस, परेड घेणाऱ्या उस्तादांना अजून काही सांगितलेलं नाहीस, आणि आता पोलिसाचं ट्रेनिंग नकोच, घरी यायचंय. एवढं मला कळलं. अब्बांनी तुला काय उत्तर दिलं ते तू ऐकलंसच, त्याचं शेवटी लिहिते. हात धुऊन मी फोन घेईपर्यंत तुमची वेळ संपली होती. पुढच्या रविवारीही तेच झालं असतं. तू रडणार, ते विरघळणार, आणि मला दोन शब्द बोलायला मिळणार नाहीत. म्हणून आज कारखान्यातून अर्धी सुट्टी काढून लिहायला बसले. शाळा सुटल्यापासून इतकं मराठी लिहिलेलं नाही. चुका निघतील, तू हसशील. हस खुशाल.

पायाचं दुखणं मला समजावून सांगायची गरज नाही, बाई. ज्याचं जळतं त्याला कळतं. गणवेशाच्या कारखान्यात इस्त्रीच्या टेबलापाशी दिवसभर उभी राहणारी बाई मी, खाली सिमेंटची फरशी. गेल्या साली माझी टाच आणि तळव्याची कमान धरली होती ते आठवतं ना? सकाळी भिंत धरून न्हाणीत जायची मी. शेजारच्या काशम्मांनी त्यांच्या दुधनी गावाकडचा उपाय सांगितला, तापवलेली वीट, तिच्यावर रुईचं पान, आणि त्यावर टाच. उपाय चांगलाच होता, पण तुझे अब्बा वीट आणायला गेले आणि शेजारच्या बांधकामावरून तो पांढरा, हलका सिमेंटचा ब्लॉक घेऊन आले. लाल वीट कुठे मिळते आता इकडे! गॅसवर ठेवला, आणि थोड्या वेळात असा फाटकन फुटला की काशम्मा ‘अय्यो देवरे’ करत जिन्यातच बसल्या. तुझे अब्बा मात्र गंभीर चेहऱ्याने म्हणाले, ‘देख, पाव का दर्द भूल गई ना?’ खरंच विसरले होते मी घटकाभर.

शेवटी सरकारी दवाखान्यातल्या व्यायाम शिकवणाऱ्या मॅडमनी मला बरं केलं. त्यांनी सांगितलं की तळव्यात टाचेपासून बोटांपर्यंत एक जाड पट्टा असतो. तो झोपेत आखडतो, आणि उठून एकदम भार टाकला की ओरडतो. म्हणून अंथरुणातून पाय खाली ठेवायच्या आधीच त्याला जागं करायचं. गुडघा सरळ, टॉवेल बोटांच्या मुळाशी अडकवायचा, आणि दोन्ही टोकं हळूहळू आपल्याकडे ओढून धरायची. पोटरीपर्यंत ताण जाणवला पाहिजे, पण दुखायला नको. मी हे करायला लागले की तू पांघरुणातून तोंड काढून म्हणायचीस, अम्मी पहाटेच म्हशीची धार काढायला बसली. आता तूही काढ. आपला सोलापुरी टॉवेल पाठवतेय, तुमच्या सरकारी टॉवेलला तेवढी लांबी नसेल. संध्याकाळी पलंगावर बसून तळव्याखाली चेंडू फिरव, तोही सोबतच्या पिशवीत आहे. बसूनच फिरव. उभं राहून सगळा भार त्याच्यावर टाकलास तर दुखणं वाढवून घेशील. गार पाण्याची बाटली मिळाली तर तीही तळव्याखाली फिरव. भिंतीला हात लावून पोटरी ताण. आणि बराकीत अनवाणी हिंडू नकोस, न्हाणीपर्यंतसुद्धा चप्पल घाल. मी टेबलापाशी जुन्या चादरीची घडी पायाखाली घेते तेव्हा मला निम्मा आराम पडतो. पण नीट ऐक. हाडावर एकाच जागी बोट ठेवल्यावर जीव जात असेल, किंवा पाय सुजला असेल, तर यातलं काही करायचं नाही. सरळ तुमच्या तिथल्या डॉक्टरांना दाखवायचं. सहन करण्यात शौर्य नसतं, पुढे लंगडं होणं असतं.

पण मला वाटतं, तुझ्या दुखण्याचं मूळ निराळंच आहे. तू अब्बांना म्हणालीस की बूट सैल आहेत, आत दोन-दोन मोजे घालते. ते माझ्या कानावर पडलं आणि माझी तव्यावरची भाकरी करपली. अगं, तुझा पाय पाच नंबरचा. तिथल्या स्टोअरमध्ये बुटाचा नंबर विचारला तेव्हा तू सहा सांगितलास की नाही? सांगणारच. जन्मापासून तुला मापाचं घालायला मिळालंय कुठे! ईदचे सँडल एक नंबर मोठे, शाळेचा स्कर्ट पोटऱ्यांपर्यंत, स्वेटरच्या बाह्या दुमडलेल्या. पुढच्या साली पण चालला पाहिजे, हा आपल्या घराचा कायदाच. आपल्याच काय, साऱ्यांच्या घरचा. शाळा उघडायच्या आधी कारखान्यात येणारे आई-बाप हेच सांगतात, म्हणून आम्ही स्कर्टला खालून चार बोटं कापड आत दुमडून ठेवतो. मुलगी वाढली की उसवून सोडायचं. कापडाचं ठीक आहे. बूट असा घालून चालत नाही. सैल बुटात पाय पुढे सरकतो, बोटं त्याला धरून ठेवायला धडपडतात आणि सगळा ताण कमानीवर येतो. मला हे मॅडमनी सांगितलं, कारण तेव्हा मी तुझ्या अब्बांच्या जुन्या चपला ओढत कामावर जात होते. तर आता स्टोअरला जा आणि ठणकावून सांग, माझं माप पाच, बूट बदलून द्या. रागावले तर रागावतील. तू आता वाढत्या अंगाची राहिली नाहीस, अर्शी. जेवढी व्हायची तेवढी तू झालीस. आता आपल्या मापाचं मागून घ्यायला शीक.

तू रडलीस याचं मला वाईट वाटलं, पण नवल वाटलं नाही. मला नवल वाटतं ते तुझ्या बाकीच्याच गोष्टींचं, आणि तुझ्या तोंडावर मी ते कधी बोलले नाही, कारण आपल्या घरात तोंडावर फक्त रागावतात. पहिल्या भरतीत तुझं नाव यादीत नव्हतं. तू घरी आलीस, आमटी-भात पोटभर खाल्लास, झोपलीस, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे मी उठले तर दाराशी बुटाच्या नाड्या बांधत होतीस. मला वाटलं होतं, आठवडाभर तरी पडून राहशील. भंगारातून आणलेला तो लोखंडी गोळा फेकून फेकून तुझा खांदा सुजायचा. मी तेल लावायला गेले की ‘दुसऱ्या हाताचं पण लाव’ म्हणायचीस, उगाच एकाला वाईट वाटायला नको म्हणून. हारूनमामू घरी येऊन मला म्हणाले, पोरगी पोलिसात कशाला, स्थळ बघा. तू चहा ठेवलास आणि म्हणालीस, ‘मामू, दुकानासमोर गाडी नीट लावत जावा, उद्या उचलायला मीच येणार हाय.’ मामूंनी चहा सांडला. मी आतल्या खोलीत जाऊन तोंडात पदर घालून हसले. तुझ्या वयाची असताना मी एवढं बोलले असते तर माझं आयुष्य निराळं झालं असतं, असंही तेव्हा मनात आलं. मला तुझा हेवा वाटला, बेटा. आईला मुलीचा हेवा वाटणं याच्याइतकं सुख दुसरं नाही.

कारखान्यात तर तू माझी इज्जत वाढवून ठेवली आहेस. काज-बटणाच्या मशीनवर बसणारी विजयमाला रोज विचारते, आणि परवा सगळ्यांच्या देखत म्हणाली, ‘शाइस्ता, तुजी पोरगी आली की आमच्या गल्लीत एक चक्कर मारायला सांग की! आमचं मालक लई माजल्यात.’ सगळ्या बाया मशिनी थांबवून हसल्या. तू अजून वर्दीत नीट उभी राहायला शिकतेयस, आणि इथे तुझ्या नावावर नवरे सरळ व्हायला लागलेत. आणि बिर्याणीची आठवण काढून झुरू नकोस, तू गेल्यापासून मी घरात केलेलीच नाही.

आता अब्बांचं. हे पत्र पोस्टात टाकत नाहीये, ते त्यांच्याच हातात देणार आहे. म्हणजे तू हे वाचतेयस तेव्हा ते भेटीच्या वेळेला आलेले, तुझ्या समोरच उभे असतील. त्या दिवशी तू रडलीस आणि ते म्हणाले, ‘नक्को रो बेटा, मैं आतौं लेने कू.’ ते खरंच तुला न्यायला आलेत. आत्ता, मी हे लिहितेय तेव्हा, खाली आपला टेम्पो धुतायत. तुझी ट्रंक बसावी म्हणून मागची ताडपत्री काढून ठेवली आहे, आणि वाटेत तुला झोपता यावं म्हणून गादी टाकली आहे. मी त्यांना अडवलं नाही. या माणसाला तुझं रडणं ऐकवत नाही, आणि त्यात त्याची काही चूक नाही. पण आम्हा दोघांत तुला ‘राहा’ म्हणणारंही कुणीतरी असावं, म्हणून मी हे लिहिलं. यायचं असेल तर गादीवर बस आणि ये. घरात तुला कुणी एक शब्द विचारणार नाही, मी विचारू देणार नाही. पण राहायचं असेल, तर ते तुझ्या तोंडाने त्यांना सांग, डोळ्यांत बघून सांग. माझं त्यांनी ऐकलं नसतं, तुझं ऐकतील. आणि रिकामा टेम्पो घेऊन परत येणाऱ्या तुझ्या बापाची काळजी करू नकोस. तो दारात आला की त्याला कसं सांभाळायचं, ते मला येतं.

तुझ्या पायांवर दुआ फुंकणारी, तुझीच
अम्मी