कुंकवानं अडलेला बॅकअप

गणराज,

भात कुकरमध्ये आहे, आमटी गरम करून घे. मी तळेगावला दिपालीच्या माहेरी चाललेय. फोन करू नकोस, उचलणार नाही.

तुझा बॅकअप दरवेळी अर्ध्यात का तुटतो ते कळलं. सकाळी कॉम्प्युटर आणि डिस्क रिक्षात घालून चिंचवडच्या दुरुस्तीवाल्याकडे नेली. डिस्कला वायर जिथं घुसते, त्या भोकात त्यानं बॅटरी मारली. आत कुंकू! खंडेनवमीला मी वर्कशॉपच्या मशीनला वाहते तसंच इथंही सढळ हातानं वाहिलं होतं. त्यामुळं वायर नीट टेकत नव्हती, डिस्क मध्येच बंद पडायची. त्यानं साफ केलं आणि माझ्यासमोर तुझी सगळी ड्रॉइंगं शेवटपर्यंत उतरली.

पूजेला नावं ठेवू नकोस. यंत्रावर आपलं पोट आहे. पुढच्या वर्षीही करीन, भोकं झाकून करीन.

पण दिपाली, ती पोर, चार दिवस वायरी बदलून बघत होती, तुझं काम बुडू नये म्हणून. आणि तू घरात चहाला आलेल्या कामगारांसमोर तिला म्हणालास, "तुझा हात लागला की सगळं बिघडतं." मीही ओट्याशी उभी राहून गप्प ऐकलं. ती पिशवी भरून माहेरी निघून गेली.

आजवर मी कुणाच्या दारात मान खाली घातली नाही. आज विहिणीसमोर घालीन. कुंकवाची माफी मी मागते. तुझ्या तोंडाची तू येऊन माग.

आई