दोरी सोनूकडं

१० जानेवारी १९५७, गुरुवार

पडदा पाडला मी! तोही नंदाच्या डोक्यावर!

तालीम रंगात आल्ती. राणीची नथ हरवली म्हणून सगळा महाल धुंडाळून झाला. नथ असते तिच्या नाकातच, पण राणीला सांगायची छाती कुणाची? शेवटी दासी नुसता आरसा पुढं धरते. नंदानं, म्हणजे राणीनं, आरशात बघितलं आणि मला वाटलं, बस्स, इथंच पडदा! सोनू दोरी धरून उभी होती. "सोड," म्हणले. "थांब, अजून न्हाई," म्हणली. एवढा धीर कुणाला आहे! हिसकली दोरी तिच्या हातातून. घरच्या जुन्या पलंगपोसांचा पडदा, पितळी बांगड्यांत ओवलेला, सगळाच्या सगळा खाली. नंदा आतून ओरडते, "मैने, मला बाहेर काढ!" पोरी हसून हसून लोळल्या.

सोनू हसली न्हाई. दोरीनं तिचा तळहात सोलून निघाल्ता. "एक काम दिलं होतंस मला," एवढंच म्हणली, चपला घातल्या आणि गेली.

जाऊ दे. पडदा काय, मीपण ओढीन.

११ जानेवारी

सोनू आली न्हाई. पडदा मी ओढला. साळू मागं बसून वाक्यं सांगते, पण जल्दी सांगत न्हाई, म्हणून तीही मीच सांगितली. गॅसबत्ती शाळेच्या दुर्गाबाईंकडं आहे. त्या शिपाईण, रोज कुलूप-किल्ली बघतात. म्हणलं आणा, पंप मी मारते. भडका उडाला, डावी भुवई जळली. मां विचारील तर काय सांगू?

आमच्या मराठीच्या उषाबाई बघून राहिल्त्या. म्हणल्या, "मैना, लग्नात तूच नवरी, तूच भटजी, तूच वाढपी. मग जेवायला कोण येणार गं?"

त्यांना काय जातं बोलायला! नाटक मी लिहिलं, मी बसवलं. ३ फेब्रुवारीला, रविवारी, शाळेच्या अंगणात बायकांचं हळदीकुंकू आहे, तिथं व्हायचंय. गडीमाणसांना आत बंदी, म्हणून तर घरून परवानगी मिळाली. पुढच्या वर्षी मी कुठं असेन देव जाणे. मोठे बापूजी स्थळं बघून राह्यले. मॅट्रिकला बसू देतील का, तेही कोणी सांगत न्हाई. माझं म्हणावं असं हे एकच आहे. ते दुसऱ्याच्या हातून बिघडलं तर?

१२ जानेवारी

मोठे बापूजी जेवायला आल्ते. बापूजींचे थोरले भाऊ, म्हणजे मांचे जेठ. आमच्या रीतीनं जेठापुढं मां बोलत न्हाई. घूंघट ओढून दाराआड उभी राहते, मला सांगते, मंग मी त्यांना सांगते. बोलायला लागले तेव्हापासून मी तिचं तोंड आहे.

आज म्हणली, "विचार, भाजी आणखी घेतात का."

मी म्हणले, "मां विचारते, भाजी आणखी घेता का, आणि मैनाला मॅट्रिकला बसू देता का?"

मोठ्या बापूजींनी ताटावर हात आडवा धरला. "भाजी नको."

आत गेल्यावर मांनं असा चिमटा काढला दंडाला! "मी म्हणीन तेवढंच सांगायचं. माझं बोलणं माझं आहे, छोरी. त्यात तुझं घालू नको."

मंग तू विचार ना, मां! कधी विचारणार तू? बोलणार कधी? रडले. तिला दिसू दिलं न्हाई.

१४ जानेवारी, संक्रांत

सोनूच्या मामाच्या घरी गेले. ती हसनाबादची, शाळेसाठी मामाकडं राहते. चार वेळा दारावरून परत फिरले असते, पण तिळगूळ हातात होता. आजच्या दिवशी तिळगूळ घेऊन आलेल्या माणसाला कुणी दारातून घालवत न्हाई, एवढी अक्कल मला होती.

सोनू शेंगा फोडत बसल्ती. हाताला चिंधी. पिवळी, हळदीची.

"तिळगूळ घे, गोड बोल."

"मी गोडच बोलते. हिसकाहिसकी तू करते."

"चुकले."

"राणीसारखी आहेस तू. नथ नाकात आणि गाव धुंडते. तुला सांगणार कोण?"

मला हसूही आलं, रडूही आलं. तिनं शेंगांचं सूप बाजूला सरकवलं. मी बसले. म्हणले, सोनू, तू न्हाई आलीस तर मला करमत न्हाई. ती म्हणली, "करमायचं सोड. दोरी माझ्याकडं द्यायची का न्हाई?"

"दिली."

"बराबर दिली? मी थांबले तर थांबायचं. मी सोडला तर सोडला. मधी तुझा हात दिसला तर बांधून टाकीन."

"बराबर."

मंग तिनं तिळगूळ तोंडात टाकला. "गूळ जादा झालाय," म्हणली. माझी मैत्रीण!

१८ जानेवारी

हातांचं काय करायचं ते कळत न्हाई. आपोआप पुढं जातात. आज त्यांच्यावर बसून राह्यले. दोन्हींना मुंग्या आल्या.

साळू वाक्य लगेच सांगत न्हाई, नंदाकडं बघत राहते. मला वाटायचं झोपली ही. आज पहिल्यांदा गप बसून बघितलं. नंदाला आठवत असलं की ती ओठ हलवते, तेव्हा साळू थांबते. आठवत नसलं की डोळे वर करते, मंग सांगते. आणि मी मेली दोन्ही वेळेला ओरडत होते!

२५ जानेवारी

आज फक्त दोनदा बोलले. उषाबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "ताप नाही ना गं?"

२९ जानेवारी

आष्टीहून पाहुण्या येणार. मला बघायला. मुलाची आई लाडबाई आणि त्याची काकू. मोठ्या बापूजींनी ठरवलं.

कधी? ३ फेब्रुवारी. रविवार. संध्याकाळी.

बापूजींना म्हणले, त्या दिवशी माझं नाटक आहे. ते दुकानातून आल्ते, दमल्ते. मान खाली घालून म्हणाले, "दादांनी शब्द दिलाय, बेटा." मी मांकडं बघितलं. ती मूग निवडत होती. निवडतच राह्यली.

मां, एक शब्द तरी!

३१ जानेवारी

सांगून टाकलं पोरींना. नंदा रडायला लागली. दुर्गाबाई म्हणल्या, "वर्षाचा सण आणि मुलीला बसवून ठेवतेत!" सोनू मागं राह्यली. सगळ्या गेल्यावर दोरीची गाठ बघत बघत म्हणली, "तुझी वाट बघू का? घटकाभर उशिरा उचलू?"

खोटं कशाला लिहू, जिभेवर 'हो' आल्तं.

"न्हाई," म्हणले. "बायका जमल्या की उचल. घरी स्वयंपाक टाकून येतात त्या. माझ्यासाठी कशाला खोळंबतील."

"आणि पाडायचा कधी?"

"मला काय विचारतेस? दोरी तुझी."

ती माझ्या गळ्यातच पडली. लाडानं पाठीत धपाटा घातला. अजून दुखतंय.

३ फेब्रुवारी, रविवार

सगळं लिहिते. झोप यायची न्हाई.

दिवेलागणीला पाहुण्या आल्या. मला लाल ओढणी, हातभर बांगड्या. मी खाली बघून बसल्ते. लाडबाई जाडजूड, गुडघे धरून बसणाऱ्या. काकूनं विचारलं, वड्या येतात का घालायला, पापड येतो का. येतो. शिवण? येतं. चालून दाखव. चालले. आणि माझे कान सगळे शाळेकडं! आमच्या मस्तगडातल्या घरापासून शाळा गल्ली ओलांडली की. बायकांचा कलकलाट ऐकू येत होता. मंग तो एकदम बंद झाला. मला कळलं. सोनूनं पडदा उचलला.

माझ्यावाचून उचलला. मीच सांगितल्तं तसा.

थोड्या वेळानं हशा आला. असा आला की आमच्या ताकाच्या पेल्यापाशी लाडबाईंचा हात थांबला. "काय चाललंय तिकडं?"

मी तोंड उघडलं. मांनं माझ्याकडं नुसतं बघितलं. मिटलं.

मां म्हणली, "माझ्या मुलीचं नाटक आहे. तिनं लिहिलंय, तिनं बसवलंय."

"हिनं? आणि ही इथं काय करून राह्यली?"

"तुम्ही आलात म्हणून बसली आहे."

लाडबाईंनी माझ्याकडं बघितलं, जळक्या भुवईसकट. पुन्हा हशा आला. "गडीमाणसं हाएत तिथं?" "एक न्हाई." "मंग उठा की बाई! इतकं हसू भिंतीआडून ऐकू का मी?"

गेलो! आम्ही चौघी, गल्लीतून, मां घूंघटातून वाट शोधते आणि लाडबाई सगळ्यांच्या पुढं! दारात आमच्या गल्लीतल्या गोजरबाईंनी हळदीकुंकू लावलं, तिळगूळ दिला. आम्ही सगळ्यात मागं बसलो.

मी माझं नाटक समोरून कधी बघितलंच नव्हतं. कायम बाजूला, अर्धवट पाठी दिसायच्या. समोरून नंदा किती राणी दिसते! दुर्गाबाईंची बत्ती एकदाही फडफडली न्हाई. नंदानं मधीच डोळे वर केले, माझे ओठ हलले, पण तेवढ्यात साळूचा आवाज पोचला होता. कुणाला कळलंसुद्धा न्हाई. मी ओढणीखाली हात धरून ठेवल्ते, माझेच.

आणि शेवट. दासीनं आरसा धरला. राणीनं बघितलं. मी पडदा पाडला असता. सोनूनं पाडला न्हाई. नंदा आरशात बघते, नथ चाचपते, मंग हळूच आमच्याकडं बघते, तुम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं ना, असं. बायका जो हसल्या! हसू ओसरलं तरी पडदा वरच. मंग नंदानं स्वतःच हसून आरसा दासीपुढं धरला, तू पण बघ म्हणून. हे मी लिहिलं नव्हतं! दासीला तर रडूच आलं खरं खरं. तेव्हा सोनूनं सोडला. हळू, सगळ्या बांगड्या वाजवत.

शेजारी बघते तर मांचा घूंघट पार मागं सरकलेला. लग्नानंतर नाटक बघितलेलं न्हाई तिनं. गाल ओले आणि तोंड हसरं. माझी मां एवढी सुंदर आहे? मी तिचा हात धरला. तिनं सोडवला न्हाई.

४ फेब्रुवारी

सकाळी केस विंचरताना मांनं विचारलं, "पडदा कोण धरून होतं?"

"सोनू. हसनाबादची."

"थांबली ती. चांगली थांबली." मंग फणीनं गुंता सोडवला. "तू किती दिवस म्हणत असशील, मां बोलत न्हाई, बोलत न्हाई."

मी मागं वळायला गेले. तिनं माझी मान सरळ केली.

"वेणी झाली," म्हणली. "ऊठ."

७ फेब्रुवारी

मोठे बापूजी जेवायला आले. आष्टीचा होकार आलाय. वैशाखातला मुहूर्त म्हणतेत.

मां दाराआड. घूंघट ओढलेला. म्हणली, "मैना, सांग त्यांना, स्थळ चांगलं आहे. पण मुलगी मॅट्रिक झाल्याबिगर मी देणार न्हाई. थांबतील तर थांबतील."

माझ्या तोंडात शंभर शब्द आल्ते. बाहेर गेले. तिनं म्हणलं तेवढंच सांगितलं. माझं एक अक्षर घातलं न्हाई.

मोठे बापूजी माझ्याकडं बघतच नव्हते, दाराकडं बघून राहिल्ते. ताट पुढं सरकवून म्हणाले, "तिला सांग, भाजी वाढ म्हणावं."