पुडी एकदम तोडायची न्हाई

आई, आज दुपारी ऑफिसातून फोन आला. निवृत्त झालो तरी अधूनमधून अग्रलेख मागतात. विषय दिला: कोणतं औषध घ्यायचं हे माणसानं ठरवायचं की सरकारनं? सहापर्यंत हवा. मी हो म्हणालो. असे विषय आजवर तासाभरात लिहून दिलेत. आता दोन तास झाले, आणि लिहायला बसलं की तुझे गुडघेच डोळ्यांपुढं येताहेत.

माधवनगरच्या आपल्या स्वयंपाकघरात तू ओट्याला टेकून उभी आहेस. गिरणीची नोकरी संपली आणि संधिवातानं तुला धरलं. सकाळी हाताची मूठ मिटत नाही, केस विंचरायला शेजारच्या काकूंना बोलवावं लागतं. त्याच काकू तुला एस्टीनं म्हसवडच्या पुढं एका वाडीवर घेऊन गेल्या. तिथं झाडपाल्याची पुडी देणारे एक आण्णा होते. आठवड्यानं तू मला मुद्दाम हाक मारून बोलावलंस. बघतो तर तू खाली पाट घेऊन बसलेली, परातीत भाकरी थापत होतीस. दोन वर्षांनी तुझे गुडघे दुमडले होते. तुझ्या तोंडावर जे होतं ते मी पुन्हा कधी पाहिलं नाही. पुडी म्हणजे पेपरच्या चतकोरात बांधलेली करडी भुकटी, रोज सकाळी एक. बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात तू त्या ठेवायचीस. एकदा त्यातला कागद आमच्याच पेपरचा निघाला, तेव्हा म्हणालीस, "तुझा पेपर कशाच्या तरी उपेगाला आला बघ."

पथ्य साधंच होतं. आंबट नको, वांगं नको. आणि आण्णांनी बजावलेली एक गोष्ट तू मला दोनदा सांगितलीस, "पुडी एकदम तोडायची न्हाई. सोडायचीच झाली तर निम्मी करायची, मग त्याच्या निम्मी." मी हसलो. गिऱ्हाईक हातचं जाऊ नये म्हणून असं सांगतात, म्हणालो.

वर्षा-दीड वर्षात तुझा चेहरा गोल झाला, रक्तात साखर निघाली. मला पुडीची शंका आली. मिरजेत एका ओळखीच्या प्रयोगशाळेत दोन पुड्या तपासून घेतल्या. झाडपाल्यात स्टिरॉइडच्या गोळ्या कुटून घातल्या होत्या. बातमी पहिल्या पानावर आली, सोबत चौकट: "एकदम बंद करू नका, अशी भीती घालून रुग्णांना बांधून ठेवतात." चौकट मीच लिहिली होती. औषध खात्याची माणसं वाडीवर गेली, आण्णांच्या खोलीला सील लागलं. ऑफिसात पेढे वाटले.

घरी आलो तर तू डबा मांडीवर घेऊन बसली होतीस. चार पुड्या राहिल्या होत्या. "तुझी वळख हाय, अजून थोड्या मिळत्यात का बघ," म्हणालीस. मी म्हणालो, विष आहे ते, आता एकही घ्यायची नाही.

"माझं गुडघं हायत. सरकारला कोण इचारतंय?"

"त्यात काय घालतात ते तरी त्यांनी तुला सांगितलं होतं का?"

"गिरणीत नाकातोंडात कापूस जायचा, तवा कुणी सांगितलं व्हतं रं?"

मी त्या चारही पुड्या तुझ्यादेखत मोरीत ओतल्या.

पाचव्या दिवशी तुला उलट्या सुरू झाल्या. उभं राहवेना, बोलताना जीभ जड होत होती. रिक्षानं मिरजेला नेलं. रक्तदाब पार खाली गेला होता. डॉक्टरीणबाई वयानं लहान होत्या, पण आवाज करारी होता. हे औषध एकदम कुणी बंद केलं, त्यांनी विचारलं. शरीराला सवय झालेली असते, ते हळूहळूच उतरवायचं असतं.

"म्याच सोडली," तू म्हणालीस. "कट्टाळा आला व्हता."

सलाइन लागलं, तू सावरलीस. मग त्यांनी चिठ्ठीवर तेच औषध लिहून दिलं. काही दिवस एक गोळी, मग निम्मी, मग त्याच्या निम्मी. तू ऐकलंस आणि म्हणालीस, "म्हंजे आण्णाच की वो. कागुद तेवढा निराळा." बाई हसल्या, पण त्यांनी तुझा एक्स-रेही उजेडात धरून दाखवला. मोजमाप नसलेल्या त्या भुकटीनं तुझी हाडं आतून ठिसूळ केली होती. दोन वर्षांनी तू न्हाणीत घसरलीस आणि खुब्याचं हाड मोडलं, ते याच्यामुळंच. तू पुन्हा उठली नाहीस.

म्हणून ती बातमी चुकीची होती असं मी आजही म्हणू शकत नाही. आण्णांनी तुला फसवलं. पण पुडीत काय आहे हे कळल्यावरही तू ती घेतली असतीस का, हे मी तुला विचारलंच नाही. खाली बसून भाकरी थापायला मिळणं तुला किती मोलाचं होतं, तेही नाही. अग्रलेखात शेवटी मी कायद्याच्या बाजूनंच लिहिलंय. फक्त एक मागणी घातलीय: असं दुकान बंद करायला जाताना खात्यानं सोबत डॉक्टर न्यावा, आधीपासून औषध घेणाऱ्यांना त्याच दिवशी गाठावं. चौकटीत तेव्हा हेच हवं होतं.

पावणेसहाला मजकूर पाठवला. हा कागद कुठंच जायचा नाही, म्हणून एक राहिलेलं लिहून टाकतो. खाटेवर असताना बघायला येणाऱ्या प्रत्येकाला तू माझी गंमत सांगायचीस: "लेक म्हसवडपतुर गेला, उन्हात रांगेत हुबा ऱ्हायला, आन् आईची पुडी तेवढी आणायची इसरला." सगळे हसायचे, मीही हसायचो. बातमीत तसंच छापलं होतं, आमच्या प्रतिनिधीनं रांगेत उभं राहून पुड्या मिळवल्या. आई, मी म्हसवडला गेलोच नव्हतो. बातमी घाईत द्यायची होती. त्या दोन पुड्या तुझ्या डब्यातल्या होत्या. त्या आठवड्यात तू डबा दोनदा पालथा केलास, फडताळामागं हात घालून बघितलंस आणि म्हणालीस, वय झालं, आता ध्यानात राहत न्हाई. मी समोर बसून चहा पीत होतो.